जी चाल गुणगुणता येत नाही, ती चाल कसली?

अर्धासूर

कोजागिरीला आमच्या ठाण्याच्या गच्चीवर सात-आठ जण जमलो होतो. मसाला दूध आटत होतं, आणि आमच्या मित्राने नेहमीप्रमाणे कुणी आग्रह करायच्या आतच गळा साफ केला. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीचं 'ये रे घना' घेतलं. मुखडा बरा झाला. अंतऱ्याला स्वारी जी अडकली ती काही केल्या परत समेवर येईना. शेवटी वहिनींनी "अहो, दूध उतू जातंय" म्हणून त्याची सुटका केली. दूध उतू जात नव्हतं.

त्यानंतर तळमजल्यावरच्या काकूंनी 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' म्हटलं. काकूंचं वय पंचाहत्तर, आवाज थरथरतो, दम पुरत नाही. तरी गाणं जसंच्या तसं उभं राहिलं. दुसऱ्या कडव्यापासून सगळी गच्ची म्हणायला लागली. वरून खाली डोकावून बघतो तर आमचा साताऱ्याचा वॉचमन खुर्चीत मान डोलावतोय.

तिथून जो वाद पेटला तो रात्री दीडपर्यंत विझला नाही, म्हणून इथे आणलाय. माझं म्हणणं सरळ आहे. हृदयनाथ मंगेशकर, श्रीनिवास खळे या संगीतकारांबद्दल आदर आहेच. पण चाल म्हणजे जी माझ्यासारख्या बेसुऱ्याच्या तोंडीही बसते ती. हे काम संगीतकार वसंत प्रभूंना जितकं साधलं तितकं कुणालाच नाही. गीतकार पी. सावळाराम (आमच्या ठाण्याचे, नगराध्यक्षसुद्धा होते, आता पक्षपात म्हणा हवं तर) आणि वसंत प्रभू या जोडीची गाणी लग्नाच्या मांडवात शिरली. मुलगी सासरी निघाली की बँडवाला कुणाला न विचारता 'गंगा जमुना' सुरू करायचा. पाठवणीला कधी कुणी 'ये रे घना' वाजवलंय का? बोला.

रात्रपाळी

पाठवणीला 'ये रे घना' वाजवत नाहीत तसं पाठवणीला मालकंस रागही गात नाहीत. म्हणून मालकंस लहान झाला का? गुणगुणता येणं हीच कसोटी असेल तर आइस्क्रीमच्या गाडीची धून सर्वश्रेष्ठ. पहिल्या झटक्यात पाठ होते.

आता जरा गंभीरपणे. हृदयनाथांनी कुणाच्या शब्दांना हात घातला ते बघ. आरती प्रभू, ग्रेस, सुरेश भट, महानोर, शांता शेळके आणि थेट ज्ञानेश्वर. यातले निम्मे कवी वाचताना माझ्यासारख्याच्या डोक्यावरून जातात. ग्रेस मला कॉलेजात अजिबात कळले नव्हते, खोटं कशाला बोलू. 'भय इथले संपत नाही' ऐकलं आणि अर्थ कळायच्या आधी अंगावर काटा आला. अर्थ अजूनही पुरता सांगता यायचा नाही. पण त्या कवितेत कुणीतरी अंधारात बसलंय एवढं चालीने मला कळवलं. हे काम सोप्या चालीने झालं नसतं.

आणि 'जैत रे जैत' विसरलास? १९७७. अख्खा सिनेमा गाण्यांवर चालतो. त्यातली ठाकर आदिवासींची लय, ढोल, ते उघडे आवाज. 'मी रात टाकली' ऐकून असं वाटतं का, की हा उस्ताद अमीर खाँसाहेबांचा शागीर्द आहे? वाटत नाही, आणि तरी तो आहे. एकाच माणसाने 'मोगरा फुलला'ही केलंय आणि 'मी डोलकर'ही.

बाय द वे, 'गगन सदन तेजोमय' कित्येक शाळांत प्रार्थना म्हणून म्हणतात. 'उंबरठा'तलं, १९८२. चाल कुणाची? हृदयनाथांची. म्हणजे हजारो पोरं रोज सकाळी तुझ्या 'न गुणगुणता येणाऱ्या' संगीतकाराला गुणगुणतायत.

अर्धासूर

'गगन सदन' आणि 'मी डोलकर' काढलंस म्हणजे माझीच बाजू मांडलीस. जिथे ते सोपे झाले तिथे ते घरोघरी गेले. मी दुसरं काय म्हणतोय?

कोल्हापुरी

तुमचं चालू द्या. आम्ही कोल्हापूरकर फक्त एवढंच विचारतो, की या धाग्यावर अजून बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, नाव कसं आलं नाही?

गीतरामायण. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. तेव्हापासून वर्षभर दर आठवड्याला गदिमांचं नवं गीत आणि सुधीर फडक्यांची नवी चाल. एकूण ५६. मूड नाही, सुचत नाही, पुढच्या महिन्यात बघू, हे लाड नाहीत. आठवडा भरला की गाणं तयार पाहिजे. त्यातली कितीतरी गाणी लांबलचक आहेत. 'पराधीन आहे जगती' घ्या. यमनाच्या अंगाची चाल, आणि कडव्यामागून कडवी येत राहतात. एखादी लेचीपेची चाल तिसऱ्या कडव्याला कंटाळवाणी होईल. इथे माणूस शेवटपर्यंत हलत नाही. माझे आजोबा कीर्तनाला बसल्यासारखे मांडी घालून रेडिओपुढे बसत, असं वडील सांगतात.

पुढे गीतरामायणाची हिंदी, कन्नड, तेलुगू अशी भाषांतरं झाली, तीही मूळ चालींवर म्हणता येतील अशी. घराचा सांगाडा इतका पक्का, की आत दुसऱ्या भाषेचं कुटुंब राहायला आलं तरी भिंत हलत नाही. आणि शब्द! बाबूजींच्या गाण्यात एक अक्षर गिळलेलं दाखवा. जोडाक्षरसुद्धा कसं, नीट इस्त्री केल्यासारखं येतं.

रात्रपाळी

बाबूजींबद्दल वाद नाहीच. पण इस्त्री हाच शब्द तुम्ही वापरलात हे बरं झालं. मला ती गाणी कधी कधी फारच इस्त्रीची वाटतात. एक सुरकुती नाही. माणूस रडताना इतका स्वच्छ रडतो का?

कोल्हापुरी

राम रडतोय तो. तुमच्यासारखा शर्टाच्या बाहीला नाक पुसत रडेल का?

श्रावणसर

मला मध्ये बोलू द्या, नाहीतर खळेकाकांचं नाव नुसतं 'आदर आहेच' च्या यादीत राहून जाईल.

अर्धासूर, तुम्ही खळ्यांना अवघड चालींच्या खोलीत कोंडलंत. 'गोरी गोरी पान' आणि 'एका तळ्यात होती' कोणाच्या चाली आहेत? खळ्यांच्या. महाराष्ट्रातलं कुठलं मूल ती न म्हणता मोठं झालं? 'जय जय महाराष्ट्र माझा' कोणाचं? शब्द राजा बढ्यांचे, आवाज शाहीर साबळ्यांचा आणि चाल खळ्यांची. २०२३ साली ते राज्यगीत झालं. आता प्रत्येक सरकारी कार्यक्रमात उभं राहून लोक खळे गातात आणि निम्म्यांना ते माहीतही नसतं. आमच्या न्यू जर्सीत १ मे जवळ आला की मराठी शाळेतली पोरं अमेरिकन हेलांत 'महाराष्ट्र माझा' म्हणतात. शब्दांची वाट लागते, पण चाल शाबूत राहते.

उलट टोकाला 'श्रावणात घननिळा बरसला'. पाडगावकरांच्या प्रत्येक कडव्याला खळ्यांनी वेगळी चाल दिलीय. हे मला चाळिशीत कळलं. त्याआधी वीस वर्षं मी ते गाणं अंतऱ्याची चाल एकदाच पाठ करून म्हणत होते आणि 'आपण कुठे चुकतोय' म्हणून हैराण होत होते! प्रत्येक वेळी नव्या वाटेने जायचं आणि फिरून त्याच दारात यायचं.

मला खळे मोठे वाटतात ते यासाठी, की ते गळा बघून कपडा बेतत. अरुण दात्यांचा आवाज काही पल्लेदार गवयाचा नव्हे, मऊ, कानाशी बोलल्यासारखा. त्यांना 'शुक्रतारा' दिलं. शाहिरांना पोवाड्याची फेक दिली. वसंतराव देशपांड्यांना 'बगळ्यांची माळ फुले'. भीमसेनजी आणि लताबाई एकत्र आले तेव्हा 'राम श्याम गुणगान'. हृदयनाथांच्या घरात लता आणि आशा होत्या. कुठलाही डोंगर रचला तरी चढणारं माणूस पलीकडच्या खोलीत तयार. खळ्यांना तसं घर नव्हतं.

आणि हा शेवटचा टोला, रात्रपाळीसाठी खास. 'लाजून हासणे अन्' कुणी गायलंय? हृदयनाथ मंगेशकरांनी. चाल कुणाची? खळ्यांची. तुमचे देवसुद्धा आमच्या देवळात येऊन गाऊन गेलेत.

रात्रपाळी

श्रावणसरताई, हा टोला लागला. पण लागला तिथे दुखत नाही, कारण ते गाणं मलाही अतोनात आवडतं. त्यातला हृदयनाथांचा कोवळा आवाज ऐकून वाटतं, यांनी स्वतःच आणखी गायला हवं होतं.

'घरात लता-आशा' हे मात्र मान्य नाही. घरात सोन्याची खाण असून लोखंडाचे खिळे करणारेही असतात. 'जिवलगा राहिले दूर घर माझे' मध्ये आशाबाईंचा जो आवाज निघालाय तो त्याच काळात त्या हिंदीत गात होत्या त्यापेक्षा किती वेगळा आहे. दमलेला, पायाखाली वाट संपत नसलेला. तो बाहेर काढला कुणी?

सांगलीची हळद

एवढा वेळ वाचतेय. सगळी गाणी दिवाणखान्यातली! सतरंजी, उदबत्ती, तानपुरा आणि पिवळा दिवा. ढोलकीवर थाप पडली की तुम्ही लोक खिडक्या लावून घेता का?

वसंत पवार. राम कदम. ही दोन नावं अजून एकानेही घेतली नाहीत याचा निषेध. 'सांगत्ये ऐका', १९५९. पुण्यात विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! 'बुगडी माझी सांडली गं' ऐकायला माणसं परत परत तिकीट काढत होती. चाल वसंत पवारांची. पुढे 'पिंजरा', १९७२, राम कदम. त्यातलं एक गाणं असं दाखवा जे गावच्या जत्रेतल्या लाउडस्पीकरवर वाजलं नाही. अर्धासूर, तुमची कसोटी हीच ना, सगळ्यांच्या तोंडी बसणारी? मग वसंत प्रभूंच्या आधी या दोघांना खुर्ची द्यायला हवी. की तोंडं फक्त ठाणे-पुण्याचीच मोजायची?

श्रावणसर

निषेध मान्य. पण आमच्या खळ्यांनी 'कळीदार कपूरी पान'ही केलंय हो, सुलोचना चव्हाणांच्या आवाजात.

सांगलीची हळद

ती बैठकीची लावणी. गादीवर बसून, पान जुळवत ऐकायची. मी फडावरच्या लावणीबद्दल बोलतेय, जिथे मागच्या रांगेतल्या माणसाला घुंगरू ऐकू गेलं पाहिजे. तरी पण, पान छानच आहे त्यांचं.

अर्धासूर

हळदताई, पकडलंत. माझ्याच कसोटीवर मी नापास. वसंत पवारांना खुर्ची दिली. प्रभूंच्या शेजारी, आधी नाही!

लेट लोकल

धाग्यावर सरासरी वय काय आहे? सगळी नावं माझ्या जन्माच्या आधीची. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा मी बारावीत होतो. अजय-अतुलनी हॉलिवूडमध्ये जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्डिंग केलं आणि गणपतीत त्याच गाण्यावर गल्ली नाचली. व्हायोलिनचा ताफाही आहे आणि हलगीही. हे एकत्र बांधणं सोपं आहे का? आणि 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो काय नुसत्या आवाजाला?

कोल्हापुरी

बाळा, पुरस्कार मान्य. पण ते वाद्यांचं वऱ्हाड बाजूला कर आणि नुसती चाल उभी कर. उभी राहते का बघ. पूर्वी सहा-सात वादकांत काम व्हायचं.

लेट लोकल

केलं काका. ऑफिसच्या पिकनिकला बसमध्ये लाईट गेले, स्पीकर बंद, आणि मागच्या सीटवरून एका मुलीने 'जोगवा'तलं 'जीव रंगला' सुरू केलं. नुसत्या टाळ्याही नाहीत. मेंढी-कोट खेळणारे थांबले. लोणावळ्याच्या घाटात अख्खी बस गप्प. चाल उभी होती, वऱ्हाड घरीच राहिलं होतं.

कोल्हापुरी

मग ठीक. 'जीव रंगला' माझ्याही गाडीत आहे, कुणाला सांगू नकोस.

म्हापशेकार

नाटक नावाची गोष्ट होती हे तुम्ही सगळे विसरलात की काय? संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा! आमच्या मंगेशीचे. 'मत्स्यगंधा' १९६४, 'कट्यार काळजात घुसली' १९६७. 'कट्यार'मध्ये 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन गवयांच्या तोंडी, दोन चालींत आहे. पंडितजींची चाल शांत, बसून ऐकायची. खाँसाहेबांची चाल म्हणजे घोडा सुटलेला. शब्द तेच! चाल माणसाचा स्वभाव कशी सांगते हे बघायचं असेल तर दोन्ही लागोपाठ ऐका, मग भांडा. मी मासे आणायला चाललोय.

पेटीवाले काका

सगळ्यांना नमस्कार. मी चाळीस वर्षं हौशी कार्यक्रमांत पेटीची साथ करतोय. गणेशोत्सव, वाढदिवस, साठीशांत, काही सोडलं नाही. तेव्हा कुठली चाल सोपी आणि कुठली अवघड हे मला गाणाऱ्याच्या चेहऱ्याआधी माझ्या बोटांना कळतं. अर्धासूरच्या प्रश्नाचं उत्तर कानापेक्षा बोटांकडून जास्त बरं मिळेल, म्हणून लिहितोय.

पेटीला मींड नाही. सा आणि रे या दोन पट्ट्यांच्या मध्ये जी वाट आहे, ती पेटीत लाकडाने बंद केलेली आहे. गळा त्या वाटेने घसरत जातो, पेटी उडी मारते. वसंत प्रभूंचं गाणं मी पेटीवर एकट्याने वाजवलं तर ते जवळजवळ पूर्ण वाजतं. समोरचा माणूस दुसऱ्या ओळीला ओळखतो आणि शब्द पुटपुटायला लागतो. म्हणजे चाल पट्ट्यांवर उभी आहे. बँडवाल्याच्या क्लॅरिनेटवर ती का जमली, याचं हेच कारण असावं.

हृदयनाथांचं गाणं वाजवतो तेव्हा नुसती हाडं वाजतात. मांस सगळं त्या बंद वाटेत. लोक म्हणतात, "काका, कुठलं तरी ओळखीचं वाजवा." मी ओळखीचंच वाजवत असतो.

इथपर्यंत अर्धासूर खूश झाला असेल. पण मग मी 'चाफा बोलेना' वाजवायला घेतो, आणि पंचाईत होते. तेही वसंत प्रभूंचंच. कवी बींची कविता. स्वर सगळे सापडतात, गाणं ओळखता येतं, आणि तरी चाफा रुसलेला वाटतच नाही. पेटीवर तो चांगला खुशाल बोलतो. लताबाई 'बोलेना' वर जे काही जरासं थांबतात, स्वर सोडता सोडता धरतात, ते माझ्या भात्यात नाही. 'जन पळभर म्हणतील' चंही तेच. तेव्हा प्रभू म्हणजे सोपे हा समज काढून टाक. त्यांनी दार मोठं ठेवलंय, कुणीही आत येऊ शकतो. आतल्या खोलीत जायला तिथेही वाकावं लागतं.

बाबूजींच्या गाण्यात माझी अडचण वेगळीच असते. तिथे बोटं बरोबर पडतात, पण भाता चुकतो. ते शब्दाच्या अर्थावर श्वास घेतात. मी मात्रेच्या हिशेबाने भाता ओढला की वाक्य मध्येच तुटतं आणि गाणारा माझ्याकडे रागाने बघतो.

आता तुझा गच्चीवरचा मित्र. एक प्रश्न. त्याने पट्टी, म्हणजे सुराची उंची, कुठली धरली होती?

अंतऱ्यात अडकलेला

मीच तो मित्र. हा धागा मला बायकोने पाठवला, हसत हसत.

काका, मोबाईलवर कराओके लावला होता. मूळ पट्टीतला. आशाबाईंचा.

पेटीवाले काका

झालं! अरे, बाईच्या पट्टीत पुरुषाने गायचं म्हणजे एकतर खर्जात बुडायचं नाहीतर वर फाटायचं. मधली जागाच नाही. हृदयनाथांचा काय दोष त्यात? आणि काकू?

अर्धासूर

काकूंनी काही लावलंच नव्हतं. जिथून आवाज निघाला तिथून सुरू केलं.

पेटीवाले काका

म्हणजे काकूंची पट्टी काकूंची होती आणि याची आशाबाईंची. सामना बरोबरीचा नव्हताच. अर्धासूर, तुझा पुरावा बाद.

रात्रपाळी

रात्री दीडपर्यंत भांडलेल्या सगळ्यांच्या वतीने विचारतो, हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

अर्धासूर

पुरावा बाद झाला, मत नाही. वॉचमनची मान डोलत होती, ती कुठल्या पट्टीत होती सांगा.

सांगलीची हळद

त्याला 'बुगडी' ऐकवून बघा. सातारचाच आहे ना तो? नुसती मान डोलणार नाही.

पेटीवाले काका

पुढच्या शनिवारी पुन्हा जमा. पेटी मी आणतो. कराओके बंद, मोबाईल खाली ठेवायचे. 'ये रे घना' तुझ्या गळ्याप्रमाणे घेऊ, काळी एक पट्टी बघू, नाही जमली तर पांढरी एक. हळदताई जवळपास असतील तर त्यांनी लावणी म्हणावी, ढोलकीवाला आहे माझ्याकडे. कोल्हापुरींना सगळी कडवी म्हणायची परवानगी नाही, तीनच.

कोल्हापुरी

तीन कडव्यांत दशरथसुद्धा जात नाही हो. पण येतो.

अंतऱ्यात अडकलेला

काका, मी घरी सराव सुरू केलाय. एकच विचारायचं होतं, अर्धासूर. त्या रात्री दूध खरंच उतू जात नव्हतं?

अर्धासूर

गॅस बंद होता रे.